शिळावर्तुळे : दीडशे वर्षांची वाचने

इतिहासाच्या तासाला ‘लोहयुग’ आले की फळ्यावर एक वर्तुळ काढायचे, त्याच्या कडेने दहा-बारा दगड दाखवायचे, मध्ये ‘थडगे’ असे लिहायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, ही आपल्यापैकी बहुतेकांची रीत आहे. घिवली-तारापूर-बोईसर या पट्ट्यातल्या शिक्षकांची अडचण तर आणखी मोठी. ज्या शिळावर्तुळांबद्दल आपण बोलतो ती आहेत विदर्भात, इथून सात-आठशे किलोमीटरवर. सहल काढून दाखवणे बहुतेक शाळांना जमणारे नाही. म्हणजे दगड पाहण्याआधी आपण दगडांविषयी लिहिलेले वाचतो आणि तेच मुलांना सांगतो. तेव्हा जे लिहिले गेले ते कसे लिहिले गेले, त्यातले पुराव्यावर उभे काय आणि नुसते अंदाजाचे काय, हे तपासणे आपल्याला टाळता येणार नाही. या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

आधी वस्तू पाहू. नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागले की शहराबाहेर जुनापाणी नावाचे ठिकाण आहे. मुरमाड, उघडा माळ. त्यावर काळ्या दगडांच्या मोठाल्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे विखुरलेली आहेत. एकेका वर्तुळाचा व्यास साधारण ८ ते १५ मीटर. आतली जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित फुगीर असते, कारण आत माती, मुरूम आणि दगडगोटे भरून रास केलेली असते. त्या राशीच्या तळाशी माणसांची हाडे, मडकी, लोखंडाची हत्यारे, मणी आणि कधी कधी घोड्याची हाडे सापडतात. दक्षिण भारतात अशा थडग्यांत दगडी फरशांची पेटी करून ठेवलेली आढळते. विदर्भात ती सहसा नसते. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, रायपूर ही याच परिवारातली नागपूर जिल्ह्यातली ठिकाणे.

आता वाचने. पहिले वाचन गावकऱ्यांचे. ही वर्तुळे गवळी राजांची, त्यांच्या तळाची, असे लोक सांगत. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींतही ते आले आहे. याला हसू नये. माळावर गुरांचा गोठ असतो, तो गोल असतो, त्याला दगडांची कड असते. समोर दिसणाऱ्या अनुभवावरून काढलेला हा अंदाज आहे. पुढे जे विद्वान आले त्यांचे अंदाजही फार वेगळ्या रीतीचे नव्हते. फरक एवढाच, की त्यांचा ‘समोर दिसणारा अनुभव’ इंग्लंड-स्कॉटलंडच्या माळरानांचा होता.

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे ओळखला जाणारा फिलिप मेडोज टेलर हा या विषयातला आद्य माणूस. शोरापूर संस्थानात असताना त्याने तिथली दगडी थडगी खोदली आणि त्यांवरचा निबंध आयर्लंडच्या रॉयल अकादमीच्या ग्रंथमालेत १८६५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या शीर्षकातच दख्खनमधल्या या स्मारकांना त्याने ‘केल्टिक, ड्रुइडिक किंवा सिथियन’ म्हटले आहे. शीर्षकातच तीन उत्तरे, आणि तिन्ही बाहेरून आणलेली! पण निबंध उघडून आकृत्या पाहिल्या तर माणूस वेगळाच दिसतो. थडग्याचा उभा छेद काढून कोणता थर कुठे, हाड कुठे, मडके कुठे हे त्याने नीट दाखवले आहे. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरसारख्या कडक शिस्तीच्या उत्खननकाराने त्या छेदांची वाखाणणी केली. टेलरचे शीर्षक आज कुणी मानत नाही. त्याच्या आकृत्या आजही वापरता येतात. मुलांना निरीक्षण आणि अनुमान यांतला भेद शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

नागपूरकडे पहिले लक्ष वेधणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी होता. त्याला खडकांचा आणि जीवाश्मांचा नाद. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याचे कागद पुढे रिचर्ड टेंपलने छापले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे.

त्यानंतर जे. एच. रिव्हेट-कारनॅक. हा मध्य प्रांतातला कापूस आयुक्त, म्हणजे कामाच्या निमित्ताने गावोगाव फिरणारा अधिकारी. जुनापाणीची काही वर्तुळे त्याने खोदली आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ‘प्रिहिस्टॉरिक रिमेन्स इन सेंट्रल इंडिया’ हा लेख लिहिला. आमच्या मते हाच लेख शिक्षकांनी सर्वात बारकाईने तपासावा, कारण त्याची चूक ढोबळ नाही. ती मोहात पाडणारी आहे.

वर्तुळातल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. ते रांगांत, ठरावीक मांडणीने आहेत, हे रिव्हेट-कारनॅकने पाहिले, मोजले, चित्रांसह छापले. ही मोलाची नोंद. त्याच्यापुढे तेव्हा सर जेम्स सिम्प्सनचे ब्रिटनमधल्या अशाच खळग्यांवरचे पुस्तक होते. (हा सिम्प्सन म्हणजे बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरणारा एडिंबरोचा डॉक्टरच!) तिकडच्या माळरानावर दगडांची वर्तुळे, आत रास, राशीखाली मृत, दगडांवर खळगे. इकडे नागपूरच्या माळावर दगडांची वर्तुळे, आत रास, राशीखाली मृत, दगडांवर खळगे. एक साम्य योगायोग म्हणता येईल, चार साम्ये कशी म्हणावीत? म्हणून त्याने निष्कर्ष काढला, की प्राचीन काळी युरोपभर पसरलेल्या भटक्या टोळ्यांच्याच शाखा हिंदुस्थानात उतरल्या असाव्यात. त्या खळग्यांत लिपीसारखे काही दडले असेल काय, अशी शंकाही त्याला आली.

यात बिघडले कुठे? प्रत्येक साम्याला दुसरे कारण असू शकते का, हे त्याने पुरेसे विचारले नाही. मेलेल्या माणसावर माती लोटली की ढीग होतो, आणि ढीग आपोआप गोलच होतो. ढिगाची माती पावसाने वाहू नये म्हणून कडेला मोठे दगड लावावेत, हे कुणालाही सुचेल. कठीण दगडावर दुसऱ्या दगडाने ठोकत राहिले की सर्वात सोपी होणारी आकृती म्हणजे खळगा. आपल्या किनाऱ्यावर तर खळगा करायला माणूसही लागत नाही. भरतीच्या पाण्याबरोबर गोटे खडकाच्या खाचेत गरगर फिरतात आणि वर्षानुवर्षांत गुळगुळीत वाटी तयार होते. जुन्या पायऱ्यांवर खेळासाठी कोरलेले खळगे असतात, उखळाचे असतात, रांजणखळगे असतात. मुलांना असे चार प्रकारचे खळगे शोधून त्यांची रुंदी, खोली, मांडणी लिहून आणायला सांगावे. जुनापाणीचे खळगे माणसाने केले हे त्यांच्या रांगांवरून पटते. पण ते स्कॉटलंडच्या माणसाच्या भाऊबंदांनी केले, हे रांगांवरून ठरत नाही.

त्याच्या हाती नसलेली गोष्ट म्हणजे काळ. सेंद्रिय वस्तूतल्या कार्बन-१४ वरून वय काढण्याची रीत १९४९ नंतरची. दर ५७३० वर्षांनी हा कार्बन निम्मा होतो, त्यावर ती उभी आहे. आज आपण सांगू शकतो, की ब्रिटनमधली खळग्यांची कला नवाश्मयुगाची आणि कांस्ययुगाच्या आरंभाची आहे आणि तिथल्या माळावरच्या दगडी राशींपैकी पुष्कळ इ. स. पूर्व २००० ते १५०० च्या आसपासच्या आहेत. विदर्भातली वर्तुळे ढोबळमानाने इ. स. पूर्व १००० ते ४०० मधली, आणि त्यांत भरपूर लोखंड. मध्ये निदान पाचशे वर्षांची, काही बाबतीत दोन हजार वर्षांची फट. टोळी चालत निघाली म्हणावे तर वाटेत फारच रेंगाळली!

इंग्लंडमधल्या डार्टमूर माळावरचे व्हाइटहॉर्स टेकडीचे थडगे या तुलनेसाठी पाहण्यासारखे आहे. २०११ साली ते उघडले तेव्हा दगडी पेटीत जाळलेली हाडे अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली निघाली. जवळ विणलेली टोपली, अंबर आणि कथिलाचे मणी, लाकडी बटणे. काळ इ. स. पूर्व १७०० च्या आसपास. कातडे आणि टोपली साडेतीन हजार वर्षे टिकली, कारण तिथे कुजलेल्या शेवाळाची ओली, आम्ल, हवाबंद माती असते. आपल्याकडे दर वर्षी भिजणाऱ्या आणि उन्हात फाटणाऱ्या मातीत कातडे टिकत नाही. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावरचा साज सापडला, पण सापडले ते तांब्याचे पातळ पत्रे आणि जोडकामाच्या खुणा. ज्या चामड्यावर ते शिवले होते ते नाहीसे झालेले. म्हणजे ‘त्यांच्याकडे काय होते’ आणि ‘आपल्यापर्यंत काय पोचले’ हे दोन प्रश्न वेगळे. युरोपातल्या आणि इथल्या थडग्यांतल्या वस्तूंची यादी समोरासमोर ठेवताना हा फरक रिव्हेट-कारनॅकच काय, आजचे लेखकही विसरतात.

वस्तू नेमकी कुठे आणि कशाशेजारी होती याचे महत्त्व पटवायला आपल्याच जिल्ह्यातले सोपारे पुरेसे आहे. थडग्याच्याच कल्पनेतून वाढलेला स्तूप तिथे मातीच्या ढिगाखाली होता. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो मधोमध उघडला आणि दगडी पेटी, एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुले, आठ लहान कांस्यमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणे बाहेर काढले. नाणे दुसऱ्या शतकाचे. मूर्ती मात्र त्यानंतर काही शतकांच्या, असे पुढच्या अभ्यासकांनी शैलीवरून ठरवले. म्हणजे पेटी मध्यंतरी कुणीतरी पुन्हा उघडली असणार. पेटीत काय कुठे होते याची नोंद भगवानलालांनी ठेवली नसती तर हा वाद घालायलाही जागा उरली नसती. जुनापाणीच्या जुन्या खोदकामांत नेमकी हीच गोष्ट दुबळी आहे. हत्यारे आली, पण कोणते हत्यार कोणत्या हाडाशेजारी होते हे पुष्कळदा कळत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे काम या बाबतीत कितीतरी सरस. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे पद्धतशीर खोदली. पुढे नागपूर विद्यापीठात असताना शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी, तर अ. प्र. जामखेडकर यांच्या समवेत नायकुंड येथे उत्खनन केले. या अहवालांत घोड्यांच्या हाडांची, तांब्याच्या मुठीच्या लोखंडी खंजिरांची, आडव्या पट्टीने दांड्याला बांधायच्या कुऱ्हाडींची, अकीकाच्या मण्यांची जी काटेकोर वर्णने आहेत ती वाचताना समाधान वाटते. त्यांतून दिसते की पुष्कळ थडग्यांत एकाहून अधिक माणसे आहेत आणि सांगाडे बहुधा अपुरे आहेत. प्रेत आधी इतरत्र ठेवून नंतर निवडक हाडे इथे आणत असावेत. फळ्यावर ‘थडगे’ लिहिताना ‘एक माणूस, एक खड्डा’ असे जे चित्र आपण मुलांच्या मनात उभे करतो ते इथे लागू पडत नाही.

आमचा आक्षेप आहे तो घोड्यावरून निघालेल्या एका गोष्टीवर. थडग्यात घोडा, लगाम, खंजीर. म्हणून हे लोक बाहेरून आलेले घोडेस्वार, भटके पशुपालक, असे चित्र बराच काळ रंगवले गेले. लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ च्या ग्रंथात दक्षिणेतल्या अशा सर्वच थडग्यांचा संबंध भटक्या पशुपालकांशी जोडला. या मताला धक्का दिला तो थडग्यांनी नव्हे, शेजारच्या वस्तीने. नायकुंडला पेंच नदीकाठी त्याच लोकांची घरे सापडली आणि त्यांच्यात लोखंड गाळायची भट्टी. वक्र विटांची ती गोल भट्टी, भात्याच्या नळ्या आणि मळीचे ढेकूळ यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी केला. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. अशा लहान भट्टीत तितकी उष्णता होत नाही. पण १२०० अंशांच्या आसपास खनिजातली माती-वाळू मळी होऊन वाहून जाते आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागे राहतो. तो तापवून, ठोकून घट्ट करायचा. हे काम वाटेत मुक्काम केलेल्या टोळीचे नव्हे. खनिज कुठे मिळते, कोळसा कोण पाडतो, भाता किती वेळ चालवायचा, हे एका जागी पिढ्यान्‌पिढ्या शिकावे लागते. त्याच वस्त्यांत तांदूळ, जव, मसूर यांचे जळके दाणेही मिळाले. गुरे होतीच, पण शेतीही होती. थडग्यात लोक आपली रोजची यादी पुरत नाहीत, मान पुरतात. उद्या कुणी आपल्या लग्नाच्या आल्बमवरून आपले रोजचे जेवण ठरवले तर?

रिव्हेट-कारनॅकवर टीका करताना आपणही त्याच खड्ड्यात पडण्याचा धोका आहे. गडचिरोलीकडचे माडिया गोंड मृतांच्या स्मरणार्थ आजही दगड उभे करतात. आपल्या जव्हार-डहाणूकडेही आदिवासी पाड्यांबाहेर पूर्वजांचे ‘वीर’ दगडात किंवा लाकडात उभे असतात. तेव्हा ‘पाहा, तीच परंपरा!’ असे लिहिणारे लेख हल्ली वाचायला मिळतात. युरोपाऐवजी शेजारचा जिल्हा धरला, एवढाच काय तो बदल. साम्यावरून सगेपणा ठरवण्याची रीत तीच. मधल्या अडीच हजार वर्षांचा दुवा दाखवल्याशिवाय हे विधान करता येत नाही. माडियांच्या चालीरीतींचा उपयोग आहे, पण तो वेगळा: एवढा धोंडा किती माणसे आणतात, त्यांना जेवण कोण देते, दगड कुणासाठी उभा राहतो आणि कुणासाठी राहत नाही, असे प्रश्न सुचवण्यासाठी.

सर्वात अलीकडचे वाचन आकाशाचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या अनेक वर्तुळांतले खळग्यांचे धोंडे कोणत्या दिशांना आहेत ते मोजून, या दिशा सहज पडलेल्या नसाव्यात असे मांडले. अनेक वर्तुळे मोजणे ही त्यांची शिस्त योग्य आहे. पण त्यांचा आधार घेऊन ‘जुनापाणी ही वेधशाळा होती’ असे जे पुढे लिहिले जाते, तिथे हिशोब करून पाहावा. सूर्याच्या खास दिशा सहा : विषुवदिनी उगवती-मावळती आणि दोन्ही अयनदिनी उगवती-मावळती. प्रत्येकीला ५ अंश इकडे-तिकडे सूट दिली तर ३६० पैकी ६० अंश व्यापले जातात. म्हणजे डोळे मिटून ठेवलेला धोंडाही सहात एकदा ‘जुळतो’. चंद्राच्या टोकाच्या दिशा आणखी आठ. त्यांतल्या एकमेकींवर येणाऱ्या वगळल्या तरी नागपूरच्या अक्षांशावर एकूण १०५ अंश भरतात. आता जुळण्याची शक्यता जवळजवळ ३० टक्के. त्यात तारे घातले की न जुळणारी दिशा शोधणेच अवघड! शिवाय धोंडे पडतात, सरकतात, कुणी उचलून बांधाला लावतो. म्हणून ‘जुळले का’ हा प्रश्नच अपुरा आहे. योगायोगाने जितके जुळायला हवे त्याहून किती जास्त जुळले, हे विचारले पाहिजे.

कोणते वर्तुळ आधीचे आणि कोणते नंतरचे, हेही आपल्याला वाटते तितके सहज ठरत नाही. इ. स. पूर्व ८०० ते ४०० या काळात हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण असे बदलत गेले, की त्या चारशे वर्षांतल्या कोळशांची वये मोजणीत जवळपास सारखीच येतात. अभ्यासक याला आलेखातले ‘पठार’ म्हणतात. आपली वर्तुळे बरीचशी नेमकी त्या पठारावर. म्हणून जुनापाणीची ३०० वर्तुळे दोन पिढ्यांत झाली की वीस, हे दोन-चार कोळशांवरून सांगणाऱ्या लेखावर विश्वास ठेवू नये. त्यासाठी मडक्यांचे बारीक बदल आणि कोणते वर्तुळ कोणाला छेदून गेले आहे याची मोजणी लागते. ती मोजणी करायची तर वर्तुळे जाग्यावर हवीत. नागपूर पसरत चालले आहे. नांगर, मुरमाच्या खाणी आणि भूखंड यांपुढे धोंड्यांचा टिकाव लागत नाही.

दिशांचा हिशोब वर्गात खरा करून पाहायचा असेल तर घिवलीच्या मुलांना नागपूरच्या मुलांहून मोठी सोय आहे : पश्चिमेला मोकळे क्षितिज. वाळूत एक खुंटी पक्की करावी, महिन्यातून एकदा तिच्यामागून मावळत्या सूर्याची दिशा होकायंत्राने घ्यावी आणि वहीत लिहावी. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य बरोबर पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंशांवर बुडेल, मार्चच्या २१ तारखेला जवळजवळ पश्चिमेला. जूनमध्ये उत्तरेला तितकाच सरकलेला असतो, पण तेव्हा ढग असतात. म्हणून मेच्या अखेरीस मोजावे आणि उरलेले काही अंश आलेखावरून काढावेत. मग वर्गात एका वर्तुळावर डोळे मिटून बारा खडे ठेवायला सांगावे आणि त्यांतले किती ‘सूर्याकडे’ आहेत ते मोजावे.